‘ग्रीन कार्ड नसेल तर अमेरिकेत लग्नाचं लायसन्स मिळत नाही’ हे खोटं आहे

‘अमेरिकेत कोर्ट मॅरेज करणाऱ्या मराठी मुलामुलींनी वाचाच’ अशा मथळ्याचा एक मेसेज या उन्हाळ्यात माझ्याकडे चार ग्रुपवरून आला. त्यात म्हटलंय ते असं: ग्रीन कार्ड किंवा सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-करांसाठी अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक) असल्याशिवाय काउंटी क्लार्क, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतला नोंदणी अधिकारी, लग्नाचं लायसन्स देत नाही, महिनाभर आधी नोटीस लावावी लागते, तीन अमेरिकन साक्षीदार लागतात, रक्ततपासणी लागते, लायसन्स हातात आलं की लग्न झालं, आणि एवढं करूनही ते लग्न भारतात चालत नाही, म्हणून वकिलातीत किंवा गावी जाऊन पुन्हा करावं लागतं.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या भाचीचा टेक्सासहून फोन आला. ती विद्यार्थी व्हिसावर, मुलगाही तसाच, त्याला नंबर अजून मिळालेला नाही. हा मेसेज वाचून दोघांनी ठरलेली तारीख रद्द करायला घेतली होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहते आणि आजवर पाच जोडप्यांची साक्षीदार म्हणून क्लार्कच्या काउंटरवर उभी राहिले आहे.

सगळ्यात जास्त घाबरवणारा दावा नंबराचा आहे, आणि तो हवेतून आलेला नाही. 1996 साली अमेरिकी काँग्रेसने सरकारी मदतीच्या कायद्यांत मोठे बदल केले. मुलांच्या पोटगीचे पैसे बुडवणाऱ्या आईबापांचा माग काढता यावा म्हणून त्यात एक कलम घातलं: वाहन चालवण्याचा परवाना, व्यवसायाचा परवाना, लग्नाचं लायसन्स अशा अर्जांवर अर्जदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर नोंदवून घ्यावा. म्हणून अर्जावर तो रकाना असतो. पण आहे तो नंबर नोंदवणं वेगळं आणि नंबर नाही म्हणून लग्न नाकारणं वेगळं. ज्याला नंबर मिळालेलाच नाही, त्याने तसं लिहायचं. काही ठिकाणी तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ओळख पटवायला आपला भारतीय पासपोर्ट चालतो. माझ्यासमोर झालेल्या पाचही अर्जांच्या वेळी काउंटरवर तोच ठेवला होता. व्हिसाचं पान कोणी उलटूनही पाहिलं नाही.

काही क्लार्कांनी याहून जास्त कागद मागून पाहिले, पण न्यायालयांनी त्यांना अडवलं. पेन्सिल्वेनियातल्या लुझर्न काउंटीत कायदेशीर वास्तव्याचा पुरावा नाही म्हणून लायसन्स अडवलं गेलं होतं. 2007 मध्ये संघीय न्यायालयाने ते रोखलं. लुईझियानाने 2015 मध्ये जन्मदाखल्याची सक्ती करणारा कायदा केला. निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या, त्यामुळे जन्मदाखलाच नसलेल्या एका अमेरिकी नागरिकाला त्यामुळे लायसन्स मिळेना. 2017 मध्ये न्यायालयाने त्या कायद्याची अंमलबजावणी रोखली. लग्न करणं हा मूलभूत हक्क आहे असं तिथलं सर्वोच्च न्यायालय 1967 पासून सांगत आलं आहे, आणि तो हक्क फक्त नागरिकांपुरता नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. क्लार्क व्हिसा विचारत नाही याचा अर्थ इमिग्रेशन खातंही विचारणार नाही, असा होत नाही. पाहुणा म्हणून येऊन लग्न करता येतं. पण कायमचं राहायचं मनात ठेवून ‘फिरायला आलोय’ असं विमानतळावर सांगणं ही वेगळी आणि गंभीर बाब आहे. तिथे इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा, ग्रुपवर विचारू नका.

महिन्याची नोटीस आणि तीन साक्षीदार कुठून आले, हे आपल्याकडे नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्या कोणालाही लगेच कळेल. ते आपल्या 1954 च्या विशेष विवाह कायद्यातलं आहे: 30 दिवसांची नोटीस, ती कार्यालयातल्या फलकावर, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. कोणीतरी तो नियम जसाच्या तसा अमेरिकेला चिकटवला. इथे प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. कॅलिफोर्नियात थांबावंच लागत नाही, लायसन्स 90 दिवस चालतं. टेक्सासमध्ये 72 तास थांबायचं, मग 90 दिवसांच्या आत लग्न. न्यूयॉर्कमध्ये 24 तास, आणि मुदत 60 दिवस. इलिनॉयमध्ये लायसन्स दुसऱ्या दिवसापासून लागू होतं आणि ज्या काउंटीने दिलं त्याच काउंटीत चालतं. शिकागोतल्या क्लार्ककडून लायसन्स घेऊन शेजारच्या काउंटीतल्या हॉलमध्ये मंगलाष्टकं म्हणणार असाल तर हे आधी बघा. साक्षीदार कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या लायसन्सला एक पुरतो, टेक्सासला एकही लागत नाही, आणि त्याचं नागरिकत्व कोणी विचारत नाही.

शिवाय सगळीकडे काउंटी क्लार्कच असतो असंही नाही. न्यू जर्सीत गावाच्या रजिस्ट्रारकडे जायचं, न्यूयॉर्कमध्ये शहराच्या किंवा टाऊनच्या क्लार्ककडे, जॉर्जियात प्रोबेट न्यायालयात, वॉशिंग्टन राज्यात काउंटी ऑडिटरकडे. रक्ततपासणीचा मुद्दा तर इतिहासजमा झाला आहे. ती मागणारं शेवटचं राज्य मोंटाना होतं, आणि तिथेही 2019 मध्ये ती बंद झाली.

‘लायसन्स मिळालं की लग्न झालं’ हा दावा मला या सगळ्यांत जास्त घातक वाटतो, कारण लोक तो आनंदाने खरा मानतात. लायसन्स ही लग्नाआधीची परवानगी आहे. त्यानंतर विधी व्हायला हवा, मग तो क्लार्कच्या कचेरीत दोन मिनिटांचा असो की गुरुजींनी सांगितलेल्या सप्तपदीचा. मग विधी करणाऱ्याने त्या कागदावर सही करून तो मुदतीत परत पाठवायचा: कॅलिफोर्नियात 10 दिवसांत, टेक्सासमध्ये 30 दिवसांत. तो नोंदला गेला की त्याच्या प्रमाणित प्रती मागायच्या, आणि तेच तुमचं विवाह प्रमाणपत्र. एच-4 साठी (एच-1बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डासाठी तेच लागतं. लग्नाच्या धावपळीत लायसन्स गुरुजींच्या पिशवीत राहून जातं, म्हणून ते परत पाठवायचं काम घरच्या एकाच माणसावर सोपवा. न्यूयॉर्क शहरात लग्न लावणाऱ्याची सिटी क्लार्ककडे नोंदणी लागते, व्हर्जिनियात सर्किट न्यायालयाची परवानगी लागते. गुरुजींना हे आधीच विचारून घ्या.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी मराठी माणसाला मात्र खरंच अडवतात. कॅलिफोर्नियाच्या अर्जात आईवडिलांची जन्माच्या वेळची पूर्ण नावं विचारतात. माझ्या पुतणीला आईचं माहेरचं आडनाव पाठ होतं, पण लग्नात आईचं पहिलं नावही बदललं होतं, हे तिला काउंटरवर उभं असताना आठवलं. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मामाला उठवलं. तो म्हणाला, ‘अगं, ती कुमुद होती.’ पंचवीस वर्षांत ते नाव त्या मुलीने पहिल्यांदा कागदावर लिहिलं. तेव्हा घरी फोन आदल्या दिवशीच करा.

दुसरी गोष्ट आपल्या मधल्या नावाची. लग्नानंतरचं नाव कॅलिफोर्नियात लायसन्सच्या अर्जावरच लिहायचं असतं. मागाहून ‘राहून गेलं’ म्हणून तिथे घालता येत नाही. शिवाय कायद्याने दिलेले पर्याय आडनावांभोवती फिरतात. मधल्या नावाच्या जागी स्वतःचं किंवा नवऱ्याचं आडनाव घेता येतं, पण नवऱ्याचं पहिलं नाव तिथे घालायची आपली पद्धत त्या पर्यायांत बसत नाही. ते हवंच असेल तर न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो. आणि काहीच बदलायचं नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा. नाव बदलण्याची सक्ती कुठेही नाही.

राहिला भारताचा प्रश्न. मेसेजने आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालाचा आधार घेतला आहे. त्या निकालात न्यायालयाने म्हटलं होतं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं प्रमाणपत्र आणि नोंदणी केली तर ते लग्न होत नाही. पण ते प्रकरण भारतात, हिंदू विवाह कायद्याखाली घेतलेल्या प्रमाणपत्राचं होतं. परदेशात तिथल्या कायद्याने लागलेल्या लग्नाचा प्रश्न तिथे नव्हताच. वकिलातीतलं लग्न 1969 च्या परदेशी विवाह कायद्याखाली होतं, आणि त्याच कायद्याचं कलम 27 स्पष्ट म्हणतं की या कायद्याबाहेर परदेशात झालेल्या लग्नाच्या वैधतेला यातल्या कशानेही बाधा येत नाही. लग्न जिथे झालं तिथल्या रीतीने ते झालं का, हे बघण्याचं तत्त्व भारतीय न्यायालयंही मानतात. वय, आधीचं लग्न, जवळचं नातं या अटी अर्थातच दोघांना त्यांच्या मूळ कायद्याप्रमाणे पाळाव्या लागतात.

पुन्हा लग्न करण्याऐवजी एक साधं काम करा: प्रमाणित प्रतीवर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय करारातल्या इतर देशांत चालणारा शिक्का. अमेरिका त्या करारात 1981 पासून आहे, भारत 2005 पासून. गावी जाऊन विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची म्हटली तर त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेलं असावं लागतं, म्हणजे वर्षाची सगळी रजा तिथेच संपली.

त्या भाचीला मी एवढंच सांगितलं: दोघांचे पासपोर्ट घ्या, काउंटीच्या संकेतस्थळावर फी बघा, लग्नाच्या आधी पुरते तीन दिवस हातात राहतील अशा बेताने जा, आणि प्रमाणपत्राच्या चार प्रती मागा. तारीख तिने बदललेली नाही.