मनगटात हाड नाही म्हणून नातंच नाही?

सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड परत आलाय. म्हणे माणसाच्या बाळाला जन्मताना मनगटात एकही हाड नसतं, गुडघ्याची वाटी पण नसते, माकडाचं पिल्लू मात्र सगळी हाडं घेऊनच येतं, शिवाय माकडाच्या मनगटात 9 हाडं आणि आपल्या 8, मग नातं कसलं, उत्क्रांती खोटी.

पहिलं, हाड "नसतं" म्हणजे एक्सरेत दिसत नाही. तिथे कूर्चा असते, नाकाच्या शेंड्याला हात लावून बघा तशी, आणि हळूहळू तिच्या जागी हाड होतं. मनगटातलं पहिलं हाड काही महिन्यांतच दिसायला लागतं, शेवटचं पार नऊ-दहा वर्षांनी, म्हणून तर मुलाच्या हाडांचं वय बघायचं असलं की डॉक्टर मनगटाचा एक्सरे काढतात. वाटी तीन ते पाच वर्षांत. झालं.

दुसरं, ऱ्हीसस माकडाच्या पिल्लाची हाडं जन्मताना बरीच पुढे गेलेली असतात हे खरंय, "सगळी" नाही पण बरीच. त्याला पहिल्या दिवसापासून आईच्या पोटाला घट्ट धरून लटकायचं असतं ना. पण अडॉल्फ शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने हीच केंद्रं, म्हणजे कूर्चेत जिथून हाड बनायला सुरुवात होते त्या जागा, मोजत मोजत तुलना केली तर चिंपांझी निघाला माणूस आणि ऱ्हीससच्या मधोमध, म्हणजे फॉरवर्डवाल्याचा मुद्दा त्याच्यावरच उलटला की. तरी माझं मत, नुसत्या आकड्यावरून नातं लावू नये. म्हशीचं रेडकू जन्मल्यावर थोड्या वेळात उभं राहतं, म्हणून ते माकडाचं भाऊबंद होतं का?

आता 9 आणि 8. इथे खरी गंमत आहे आणि नेमकं हेच त्यांनी पुरावा म्हणून दिलंय! माकडाचं ते नववं हाड, सेंट्राले, मनगटाच्या मध्यात सुटं असतं. आपल्याकडेही गर्भात साधारण आठव्या आठवड्याला त्याची कूर्चेची वेगळी गाठ दिसते आणि मग ती शेजारच्या स्कॅफॉइड नावाच्या हाडाला चिकटून एकजीव होते. चिंपांझी आणि गोरिलातही चिकटतं, ओरांगउटान आणि गिबनमध्ये मात्र बहुतेक वेळा सुटंच राहतं, म्हणजे डीएनएवरून जी आपल्या जवळची मंडळी निघतात तीच इथेही निघतात. काही लेमूरांतही, म्हणजे माकडांच्या लांबच्या नातलगांतही, ते चिकटतं, तिथे वेगळ्या वाटेने झालंय, त्यामुळे एकट्या हाडावर कुणी निकाल देत नाही. आणि क्वचित एखाद्या माणसात ते मोठेपणीही सुटं राहतं. त्याच्या मनगटाची हाडं मोजा, 9 भरतील.