ट्रेमोलो ‘मारून टाकला’ म्हणणाऱ्या नांदेडच्या दादांना उत्तर

दादा, कमेंट पूर्ण वाचली. मुद्दे चांगले आहेत, भाषा जरा गरम आहे पण चालतंय, नांदेड आणि लातूर एकमेकांशी गोडीगुलाबीनं कधी बोललेत. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की ऑर्केस्ट्रात किंवा जयंतीच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्या पोराकडं एकच गिटार असेल तर त्यानं ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे तारा बॉडीवर जिथं अडकवतात तो बारनं (दांडीनं) हलवून सूर खालीवर करता येणारा भाग, बॉडीला टेकवून ठेवावा, तरंगता म्हणजे स्प्रिंगांच्या तोलावर बॉडीपासून उचललेला ठेवू नये. त्यावर दादांचं म्हणणं असं की हे म्हणजे बुलेट घेऊन ती ढकलत नेणं झालं, कंपनी ब्रिज तरंगता देते ती काय येडी म्हणून का, मोठे गिटारवाले सगळे फ्लोटिंगच (तरंगताच) वाजवतात, आणि ट्यूनिंग हलत असेल तर पाच स्प्रिंगा लावा, नट (खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी) नीट करा, पण सेटअप येत नाही म्हणून ब्रिज मारून टाकू नका.

कंपनीचं आधी घेतो, कारण ते खरं आहे. १९५४ ला फेंडर कंपनीनं स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार) काढली तेव्हापासून तो ब्रिज पुढून तारांची ओढ आणि मागून स्प्रिंगांची ओढ यांच्या तोलावर उभा आहे, आणि फेंडरचं स्वतःचं माप असं की ब्रिजची मागची कड बॉडीपासून १/८ इंच, म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर वर पाहिजे. पण त्याच सूचनेत हे आपल्या आवडीनं लावा असंही आहे, आणि मागं क्लॉला, म्हणजे स्प्रिंगा अडकवायच्या पत्र्याला, ते दोन लांबलचक स्क्रू दिलेत ते काही शोभेला दिलेले नाहीत. ब्रिज टेकवला म्हणजे गिटारीचं काही मोडलं नाही, त्याच स्क्रूंना थोडं जास्त आवळलं एवढंच. आणि ‘मारून टाकला’ कसं काय? टेकवलेल्या ब्रिजवर बार खाली दाबता येतोच की, डाइव्ह होतो म्हणजे सूर झपकन खाली जातो, हलका थरथराट होतो, फक्त वर ओढता येत नाही.

मोठ्यांचं म्हणाल तर जेफ बेक तरंगता ठेवायचा आणि त्याच्यासारखं बारवर सूर काढणारा दुसरा दाखवा, मान्य. पण एरिक क्लॅप्टन? त्याच्या स्ट्रॅटमध्ये पाच स्प्रिंगा आणि वरून लाकडाची पाचर ठोकून ब्रिज पार बंद केलेला. आणि एडी व्हॅन हेलन, ज्याच्यामुळं आपल्याकडच्या पोरांना फ्लॉइड रोज (तारा लॉक करणारा ट्रेमोलो ब्रिज) हे नाव माहीत झालं, त्याचा फ्लॉइड रोज बॉडीला टेकलेला असायचा, तरंगता नाही. त्याचं ते डी-ट्यूना नावाचं यंत्र, जे जाड E तार झटक्यात D वर आणतं, ते तरंगत्या ब्रिजवर चालतच नाही. म्हणून नावं मोजून हा निकाल लागायचा नाही दादा, दोन्हीकडं भारी माणसं बसलेली आहेत.

आता जे तुमच्या कमेंटमध्ये कुठंच नाही ते. तार तुटल्यावर काय?

९-४२ चा सेट (आकडे सगळ्यात बारीक आणि जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टँडर्ड ट्यूनिंगला लावला की सहा तारांची मिळून साधारण ३८ किलोची ओढ होते, १०-४६ लावला की ४७ च्या आसपास. तरंगत्या ब्रिजवर एवढ्या ओढीला मागच्या स्प्रिंगांनी तोलून धरलेलं असतं. एक तार तुटली की पाच ते नऊ किलो एका झटक्यात कमी, स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागं बसतो आणि उरलेल्या पाचही तारा वर चढतात, तेही सारख्या नाही, कुठली कमी कुठली जास्त. एप्रिलमधला कार्यक्रम डोळ्यापुढं आणा, भीमगीत रंगात आलंय, समोर सगळा चौक भरलाय, स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, कोरसच्या दोन पोरी आणि एक गिटार, दुसरी गिटार नाही कारण एकच कशीबशी हप्त्यावर घेतलेली, आणि अंतऱ्यात दुसऱ्या नंबरची तार तुटते. टेकवलेल्या ब्रिजवर तो पोरगा पाच तारांवर गाणं पार पाडतो, कुणाला कळत पण नाही. तरंगत्या ब्रिजवर त्याला आवाज बंद करून गप उभं राहावं लागतं, कारण त्यानं धरलेली प्रत्येक कॉर्ड बेसूर, आणि लोकांना वाटतं गिटारवाला पिऊन आलाय.

तुमच्याकडं दोन-तीन गिटारी असतील, मागं कुणी बदलून द्यायला असेल, तर हा प्रश्नच नाही, तरंगता ठेवा. मी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्याकडं ते नाही.

दुसरं पट्टीचं. गायक ऐनवेळी म्हणतो, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या. टेकवलेल्या ब्रिजवर सहा तारा खाली घेतल्या, ट्यूनरवर बघितलं, निवेदकाची शेरोशायरी संपायच्या आत काम झालं. तरंगत्यावर अर्धा सूर उतरवला की एकूण ओढ चार किलोच्या आसपास कमी होते, ब्रिज मागं झुकतो, एक तार लावली की आधी लावलेली हलते, ती लावली की तिसरी, आणि नीट करायचं तर मागचं झाकण उघडून क्लॉचे स्क्रू सैल करावे लागतात. हे स्टेजवर कोण करणार आहे.

आता तुमच्या पाच स्प्रिंगा. हे अर्धं बरोबर आहे आणि त्यातच घोळ होतो. तरंगत्या ब्रिजवर स्प्रिंगा तीन असोत का पाच, तोल साधला की त्यांची एकूण ओढ तेवढीच राहणार, कारण तारांची ओढ बदललेलीच नाही. पाच लावल्या तर क्लॉ सैल करावा लागतो, नाहीतर ब्रिज मागं जाईल. फरक पडतो तो कडकपणात, पाचांवर ब्रिज हलायला जास्त जोर लागतो, म्हणून बेंड मारताना (तार बोटानं वाकवून सूर चढवताना) बाकीच्या तारा थोड्या कमी उतरतात. कमी उतरतात, थांबत नाहीत. एक तार वाकवून दुसरी सरळ वाजवायची असे डबल स्टॉप तरंगत्या ब्रिजवर सरळ वाजणारी तार खाली घेऊनच वाजतात, आणि ज्याला ब्रिजवर तळहात जड ठेवून पाम म्यूट करायची सवय आहे त्याचा सूर वर चढतो. आपल्या ऑर्केस्ट्रातली निम्मी गाणी तर तशीच खटाखट पाम म्यूटवर चालायलीत.

नटबद्दल मात्र शंभर टक्के तुमच्या बाजूनं. टेकवा नाहीतर तरंगता ठेवा, नटच्या खाचेत तार अडकत असेल तर बार दाबून सोडल्यावर ती जागेवर येणारच नाही, आणि पोरं शिव्या देतात ब्रिजला. ओळखायचं कसं, ट्यूनिंग करताना कान द्या, खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही आणि मग मधेच ‘टिंग’ करून एकदम उडी मारतो, ते नटचं दुखणं. बहुतेक वेळा G ची तार. तार काढून खाचेत शिसपेन्सिलचं टोक घासायचं, काळी भुकटी आत बसली पाहिजे, बस. खाच तारेपेक्षा अरुंदच असेल तर पेन्सिलनं भागणार नाही, ती रुंद करायला बारीक कानस आणि हात बसलेला माणूस पाहिजे, यूट्यूब बघून घरची कानस चालवू नका, खाच खोल गेली की तार फ्रेटला लागून खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो.

ज्याला टेकवायचाय त्यानं असं करावं. आधी गिटार सुरात लावा. मागचं झाकण काढा, क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आवळा, सूर वर चढेल, परत खाली लावा, परत अर्धा फेरा, असं करत ब्रिजची पट्टी बॉडीवर पूर्ण बसेपर्यंत. मग जुन्या कॅलेंडरच्या पानाची चिंचोळी पट्टी कापा आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवा, म्हणजे क्लॉ जरा सैल करून सरकवा आणि परत आवळा. आता G ची तार बाराव्या फ्रेटच्या आसपास पूर्ण एक स्वर वर वाकवून धरा आणि मित्राला कागद हळूच ओढायला सांगा. निघाला तर ब्रिज बेंडला उठायलाय, पाव फेरा अजून. घट्ट राहिला की थांबा, त्याच्यापुढं आवळत बसलात तर बार दाबायला पहिलवान लागेल. ब्रिज खाली बसला म्हणजे तारा पण खाली आल्या, तेव्हा सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते छोटे तुकडे) थोडे वर घ्या आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवर पण सूर बरोबर लागतो का ते, परत बघा, हे लोक विसरतात आणि मग म्हणतात टेकवल्यावर गिटार बझ करायली.

आणि तरंगता पाहिजे त्याच्यासाठी, दादा हे तुमच्याच बाजूचं आहे. चार जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की तीन मिलिमीटरला चिकटतात, एक कार्ड ०.७६ चं असतं. ती ब्रिजच्या मागच्या कडेखाली घाला, क्लॉ इतका आवळा की कार्डं घट्ट दाबली जातील, आता ब्रिज हलत नाही म्हणून सगळ्या तारा एकाच दमात सुरात लावता येतात, एक लावली की दुसरी पळते ती कटकट नाही. मग क्लॉ हळूहळू सैल करत जा, कार्डं आपोआप सुटून पडतील तिथं थांबा. सूर जागेवर असतील. सहा स्क्रूवाला जुन्या पद्धतीचा ब्रिज असेल तर बाहेरचे दोनच स्क्रू पट्टीला टेकतील असे ठेवा, मधले चार दीडेक मिलिमीटर वर, नाहीतर ब्रिज अडखळत हलतो. दोन खांबांवाला असेल तर तारा ताणलेल्या असताना खांब फिरवू नका, ब्रिजची धार खराब होते आणि एकदा खराब झाली की कितीही सेटअप करा, परत शून्यावर यायचा नाही.

आता तरंगत्याचं खरं सुख कुठं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, मीच लिहितो. मींड. शहनाईचा नाहीतर बासरीचा तुकडा गिटारवर काढायचा असेल तर तार खालून वर घेताना बोटानं जे होतं त्यापेक्षा बार वर ओढून होतं ते लई गोड. तीन बारीक तारांत G सगळ्यात जास्त चढते आणि पातळ E सगळ्यात कमी, तेवढं कानात बसवावं लागतं. असं वाजवणारा कुणी असेल तर त्यानं माझं ऐकू नये, सरळ तरंगता ठेवावा. पण माझ्याकडं सेटअपला गिटार घेऊन येणाऱ्या पोरांना मी पहिलं विचारतो की बार कुठाय, आणि उत्तर येतं, घरी आहे, कपाटात. ज्याचा बार कपाटात आहे त्यानं तरंगत्या ब्रिजचा त्रास कशापायी सोसायचा?

पाचरीबद्दल खाली दुसऱ्या एकानं विचारलंय तेही इथंच सांगून टाकतो. मागच्या खोबणीत ब्रिजचा जो लोखंडी ठोकळा दिसतो, त्याच्या आणि स्प्रिंगांकडच्या भिंतीच्या मधे पाचर घातली की बार वर ओढता येत नाही, दाबता येतो. ठोकळ्याच्या पलीकडं, पट्ट्याच्या बटणाकडच्या बाजूला घातली की दाबता येत नाही. दोन्हीकडं घातली की ब्रिज ठार बंद. सागवानाचा तुकडा कोणत्याही सुताराकडं पडलेला असतो, जागा मोजून न्या आणि कणभर जाडच कापून घ्या, घरी पॉलिश पेपरवर घासत घासत बसवा. गोंद लावायचा नाही.

राहिला तुमचा स्वतःचा प्रॉब्लेम. जाता जाता तुम्ही लिहिलंय की फ्लॉइड रोजवर ९ काढून १० चा सेट टाकल्यापासून ब्रिज पुढं झुकलाय आणि तारा फ्रेटपासून फार वर गेल्यात. साहजिक आहे, आठ-नऊ किलो ओढ वाढली, स्प्रिंगा त्याच. नटवरचे लॉक सोडा, मागचे फाइन ट्यूनर सगळे मधोमध आणा, क्लॉ आवळत आणि सुरात लावत ब्रिज बॉडीला समांतर आणा. स्क्रू पार आत गेले तरी झुकलेलाच असेल तर एक स्प्रिंग वाढवा, तीनाच्या चार करा, इथं तुमचा स्प्रिंगवाला सल्ला तुम्हालाच लागू पडतोय. ब्रिज सरळ झाल्यावरच लॉक आवळा. आणि क्लॉला एक वायर सोल्डर केलेली दिसेल ती अर्थची आहे, स्क्रूड्रायव्हर घसरून ती तुटली तर ॲम्पमधून हम सुरू होईल आणि तुम्ही परत मलाच बोलाल.