सायपानला जा, पाच वर्षांत ग्रीन कार्ड घ्या? अरे, कायदा कुणी वाचलाय का?

भाच्याने परवा एक मेसेज पुढे ढकलला, खाली एवढंच, "मामा, हे खरंय का? थोड्याच जागा उरल्यात म्हणे." हा मेसेज मी आधीही दोन ग्रुपवर पाहिला होता आणि नेहमीसारखा सोडून दिला होता. पण पोरगा पैसे भरायच्या तयारीत आहे म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: सायपान हे अमेरिकेचं बेट आहे, तिथे किचन, हाउसकीपिंग, अकाउंट्सच्या नोकऱ्या आहेत. २०१९ च्या कायद्याने तिथल्या सगळ्या जुन्या परदेशी कामगारांना रेसिडन्सी मिळाली. पाच वर्षं काम केलं की ग्रीन कार्ड. बायकोलाही वर्क परमिट, तिथे मूल झालं की आईबाप नागरिक, आणि सायपान ते लॉस एंजेलिस डोमेस्टिक फ्लाइट. प्रोसेसिंग फी पाच हजार डॉलर.

सायपान अमेरिकेचं आहे इथपर्यंत बरोबर. पॅसिफिकमध्ये गुआम हे अमेरिकेचंच दुसरं बेट आहे, त्याच्या उत्तरेला नॉर्दर्न मरियाना नावाची बेटं आहेत, त्यातलं हे मोठं, आणि ही सगळी बेटं अमेरिकेचं कॉमनवेल्थ म्हणून मोडतात, म्हणजे राज्य नाही, पण अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. तिथलं इमिग्रेशन कितीतरी वर्षं तिथलं स्थानिक सरकारच बघायचं, त्या काळात गारमेंट फॅक्टऱ्यांसाठी फिलिपिन्स, चीन, बांगलादेश असं कुठून कुठून लोक आणले गेले. २८ नोव्हेंबर २००९ पासून मात्र फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, इमिग्रेशन कायदा लागू झाला आणि या जुन्या कामगारांसाठी सीडब्ल्यू-१ नावाचं तात्पुरतं परमिट आलं. तात्पुरतं, हे लक्षात ठेवा.

आता तो २०१९ चा कायदा. फॉरवर्डवाल्याने सगळा डोलारा याच्यावर उभा केलाय आणि तो त्याने वाचलेला नाही हे छातीठोकपणे सांगतो. कायदा आहे, पब्लिक लॉ ११६-२४, २५ जून २०१९ ला ट्रम्पने सही केलेला. नावात "लाँग-टर्म लीगल रेसिडंट्स" (दीर्घकाळचे कायदेशीर रहिवासी) असल्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटतं की जो जो बरीच वर्षं राहिला त्याला मिळणार. तसं अजिबात नाही. एक-दोन लहानसहान कप्पे सोडले तर यात बसणारे लोक असे: १ जानेवारी १९७४ ते ९ जानेवारी १९७८ या काळात त्या बेटांवर जन्मलेले, २७ नोव्हेंबर २००९ ला जुन्या स्थानिक कायद्याखाली ज्यांच्याकडे पर्मनंट रेसिडन्सी होती ते, या दोघांचे नवरा-बायको-मुलं, आणि त्याच तारखेला जे अमेरिकन नागरिकाचे नवरा, बायको, मूल किंवा आईबाप होते आणि अजून आहेत ते. वर अट अशी की २८ नोव्हेंबर २००९ पासून २५ जून २०१९ पर्यंत माणूस कायदेशीरपणे आणि सलग तिथेच राहिलेला हवा.

म्हणजे एखादा कुक १९९८ पासून सायपानच्या हॉटेलात राबतोय, एक दिवस बेकायदा राहिलेला नाही, पण घरात कुणी अमेरिकन नागरिक नाही, तर त्याला या कायद्याने काहीही मिळालं नाही. आणि त्याच्याच किचनमध्ये भांडी घासणाऱ्याचं पोर २००८ ला सायपानच्या हॉस्पिटलात जन्मलं असेल, म्हणजे पोर अमेरिकन नागरिक असेल, तर तो भांडी घासणारा बसतो. नुसती वर्षं मोजली नाहीत कुणी, त्या एका तारखेला नातं काय होतं ते बघितलं. आणि अर्जाची खिडकी? १९ फेब्रुवारी २०२० ला उघडली, १७ ऑगस्ट २०२० ला बंद झाली. माझा भाचा तेव्हा कॉलेजात होता! आज त्याला हे दाखवून पैसे मागणं म्हणजे गेलेल्या गाडीचं तिकीट विकणं आहे.

बरं ज्यांना मिळालं त्यांना तरी ग्रीन कार्ड मिळालं का, तर नाही. "सीएनएमआय रेसिडंट" (सीएनएमआय म्हणजे हेच नॉर्दर्न मरियाना कॉमनवेल्थ) हा वेगळाच स्टेटस आहे, त्या बेटांपुरता, पाच वर्षांनी रिन्यू करायचा. राहा, काम करा, पण त्या स्टेटसवर कॅलिफोर्नियात जाऊन स्थायिक होता येत नाही. ती "पाच वर्षं" बहुतेक इथूनच उचलली असावीत, रिन्यूअलची मुदत घेतली आणि ग्रीन कार्डची मुदत म्हणून खपवली.

मान्य करतो, मागणी जुनी आणि खरी आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या इंटिरिअर डिपार्टमेंटने तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, रिपोर्ट दिला होता की किमान पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या कामगारांना दीर्घकालीन स्टेटस द्यायचा विचार करा. २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी जे मोठं इमिग्रेशन बिल पास केलं त्यातही या बेटांच्या जुन्या कामगारांसाठी तरतूद होती. ते बिल संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, कधी मतदानालाच आलं नाही. तर शिफारस झाली होती, कायदा झाला नाही, आणि या दोन गोष्टींतला फरक त्या कामगारांनी जन्मभर भोगलाय.

आता नव्याने जाणाऱ्याचं गणित. २०१८ च्या कायद्याने सीडब्ल्यू-१ ला शेवटची मुदत दिलीय ३१ डिसेंबर २०२९. आज निघालेल्या माणसाची तिथे पाच वर्षं भरतच नाहीत, त्याच्या आधी अख्खी स्कीम संपते. परमिटही दरवर्षी कमी होतात, २०१९ च्या आर्थिक वर्षात १३ हजारांची मर्यादा होती, तिथून वर्षाला पाचशेने खाली. नव्या माणसाला परमिट एकेक वर्षाचं, सलग दोनदा रिन्यू, मग किमान ३० दिवस अमेरिकेबाहेर जाऊन बसायचं आणि तेव्हाच पुढचा अर्ज. तीन वर्षांचं परमिट आहे, पण २०१५ ते २०१८ दरवर्षी सीडब्ल्यू-१ वर असलेल्यांसाठी. रेसिडन्सीकडे नेणारी वाट अशी असते का?

मुलाचा मुद्दा अर्धा खरा, नाइलाजाने मान्य. सायपानला जन्मलेली मुलं अमेरिकन नागरिक होत आलीत (जन्माने नागरिकत्वावर २०२५ पासून अमेरिकेत कोर्टबाजी सुरू झाली ते आणखी वेगळं). पण आईबाप नागरिक होत नाहीत. मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतं, तोपर्यंत आईबापांनी स्वतःच्या परमिटवर टिकायचं. असल्या आईबापांना सरकारने काही वर्षं पॅरोल नावाची, तात्पुरतं राहू देण्याची सवलत दिली होती, ती २०१८ च्या डिसेंबरात काढून घेतली. कितीतरी घरं टांगणीला लागली आणि त्यांना वाचवायलाच २०१९ चा कायदा आणावा लागला. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तिथल्या आईबापांची झोप उडाली होती ती हा माणूस फायदा म्हणून विकतोय. लाज वाटत नाही का?

डोमेस्टिक फ्लाइट. सायपानहून गुआमला जातानाही इमिग्रेशनची तपासणी होते, आणि सीडब्ल्यू-१ फक्त नॉर्दर्न मरियानापुरतं चालतं. त्यावर गुआमला उतरायचा प्रयत्न केला तर स्टेटस गमवायची वेळ. बायकोला सीडब्ल्यू-२, म्हणजे कामगाराच्या कुटुंबासाठीचं परमिट मिळतं, त्यावर काम करता येत नाही. भाच्याच्या मेसेजखाली कुणीतरी "नाहीतर असायलम टाकायचं", म्हणजे मायदेशी धोका आहे म्हणून आश्रय मागायचा, असाही सल्ला दिलाय, त्यांच्या माहितीसाठी, त्या बेटांवर असायलमचा अर्ज २०२९ संपेपर्यंत कायद्यानेच बंद आहे.

आणि तिथे काढलेली वर्षं पुढे उपयोगी पडतातच असंही नाही. दोन ग्रीन कार्डवाल्यांनी २००९ च्या आधीची सायपानमधली वर्षं नागरिकत्वासाठी धरा म्हणून केस केली होती, २०१२ मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाने नाही म्हटलं. ग्रीन कार्ड असलेल्यांची ही कथा.

खरं काय आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा नुसताच नाट लावतो. कंपनीने ठरवलं तर ती नेहमीच्या पद्धतीने ग्रीन कार्ड स्पॉन्सर करू शकते, पण भारतीयांची ती रांग किती लांब आहे हे सगळ्यांना माहितीये. एच-१बी ला गुआम आणि या बेटांवरच्या कामासाठी २०२९ संपेपर्यंत लॉटरीची मर्यादा नाही, हेही खरं, पण त्याला त्या दर्जाचं शिक्षण आणि पद लागतं, हाउसकीपिंगला एच-१बी मिळत नाही.

राहिले पाच हजार डॉलर. सीडब्ल्यू-१ साठी मालकाला आधी लेबर डिपार्टमेंटचं सर्टिफिकेशन काढावं लागतं, मग यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे पिटिशन, आणि या सगळ्याचा खर्च, वकिलाची फी, रिक्रूटमेंटचे पैसे, कामगाराकडून घ्यायला नियमाने मनाई आहे. किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, चाळीस तासांचे आठवड्याला २९० होतात, पदाप्रमाणे थोडे वर. म्हणजे ही "फी" फेडायला एक पैसा न खाता सतरा आठवड्यांहून जास्त राबायचं. सायपानच्या कसिनोच्या बांधकामावर २०१७ मध्ये काय निघालं आठवतंय? चिनी मजूर टुरिस्ट म्हणून आणले होते, परमिट नाही, पगार बुडवलेले. शेवटी ठेकेदारांना २,४०० हून जास्त माणसांचे १.३९ कोटी डॉलर द्यावे लागले.

तेव्हा भाच्या आणि बाकीच्यांनोही, एजंटला तीन गोष्टी विचारा: मालकाचं नाव आणि पत्ता, लेबर सर्टिफिकेशनचा नंबर, आणि यूएससीआयएसचं आय-७९७ अप्रूव्हल, म्हणजे मंजुरीचं पत्र, त्यावर मालकाचं नाव असतं ते ताडून बघा. यातलं काही नसताना पैसे मागतोय तर नंबर ब्लॉक करा.