निवडून न येता राज्य कसे करावे

देश आपल्या मनासारखा चालावा, पण बजेट, दवाखान्यांच्या रांगा आणि शिक्षकांचे पगार यांची कटकट मागे नको, असं तुम्हाला वाटत असेल तर पंतप्रधान होण्याच्या भानगडीत पडू नका. तिसरा पक्ष काढा. एखादा जुना, दमलेला उजवा पक्ष शोधा आणि त्याच्याही उजव्या हाताला दुकान मांडा. हे जमतं का, अशी शंका असेल तर ब्रिटनच्या नायजेल फराज यांचा अभ्यास करा. हे गृहस्थ हाउस ऑफ कॉमन्सच्या निवडणुकीत सात वेळा आपटले. आठव्या वेळी, 2024 साली, क्लॅक्टनमधून निवडून आले. तोपर्यंत ब्रिटनला युरोपीय संघातून बाहेर पडून चार वर्षं झाली होती.

सुरुवातीला, ज्या संस्थेला शिव्या घालायच्या तिच्याच पगारावर राहायला शिका. 1999 साली टोनी ब्लेअर यांच्या युरोपप्रेमी सरकारने युरोपीय संसदेची निवडणूक मतांच्या प्रमाणात जागा देणारी केली आणि ‘ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा’ म्हणणाऱ्या आणि एरवी डिपॉझिट गमावणाऱ्या युकिप पक्षाचे तीन खासदार ब्रसेल्सला पोचले. फराज त्यातले एक. तिथे ते वीसेक वर्षं राहिले. युरोपीय परिषदेच्या अध्यक्षांना भर सभागृहात ‘ओलं फडकं’ म्हणाले, दंड झाला, आणि त्या भाषणाचा व्हिडिओ जगभर फिरला. एवढ्या दंडात इतकी जाहिरात कुठली एजन्सी करून देईल?

पोशाखाकडेही लक्ष द्या. तुम्ही खाजगी शाळेत शिकलेले, लंडनच्या बाजारात धातूंचे सौदे केलेले, शेअर दलालाचे चिरंजीव असलात तरी बिघडत नाही. हातात बिअरचा ग्लास धरा आणि ‘या उच्चभ्रूंनी आपलं वाटोळं केलं’ म्हणा. ग्लास दिसला की लोक शाळेचं नाव विचारत नाहीत.

हरायचं मात्र मनापासून. 2010 साली फराज बकिंगहॅममध्ये थेट सभापतींच्या विरोधात उभे राहिले. मतदानाच्या दिवशी सकाळी पक्षाचं बॅनर शेपटाला लावलेल्या छोट्या विमानातून उडाले. बॅनर शेपटातच गुरफटलं, विमान नाकावर आपटलं, आणि मोडक्या सांगाड्याशेजारी रक्ताळलेल्या चेहऱ्याने, सूट-टायमध्ये उभे असलेले फराज सगळ्या देशाने पाहिले. एवढं होऊनही सहानुभूतीची लाट काही आली नाही. ते तिसरे आले. दुसरा आला तो अपक्ष, ज्याच्या प्रचारात डॉल्फिनचा वेश घातलेला कार्यकर्ता हिंडत होता. तुमच्यामाझ्यासारखा माणूस यानंतर गावाकडची शेती बघायला गेला असता. पण आपला विषय निवडून येण्याचा नाहीच.

विषय आहे मतं खाण्याचा. शेजारच्या मोठ्या पक्षाचा उमेदवार दोन हजारांनी पडला आणि तुम्ही तिथे चार हजार घेतली, की त्याचा जिल्हाध्यक्ष रात्री झोपत नाही. हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांनी 2006 साली युकिपवाल्यांना वेडपट आणि बहुतांशी छुपे वंशद्वेष्टे म्हटलं होतं. त्याच कॅमेरूननी जानेवारी 2013 मध्ये, पंतप्रधान असताना, जाहीर वचन दिलं की आम्हाला पुन्हा सत्ता द्या, युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेतो. त्या दिवशी हाउस ऑफ कॉमन्समध्ये युकिपचे खासदार किती होते? शून्य. 2015 च्या निवडणुकीत युकिपला 38 लाखांवर मतं आणि जागा मिळाली एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीने साडेचौदा लाख मतांत 56 जागा नेल्या. हा अन्याय आहे असं ओरडत राहा, पण मनातल्या मनात त्या निवडणूक पद्धतीचे आभार माना. तिनेच तुम्हाला जबाबदारीपासून वाचवलं.

2016 साली सार्वमत झालं. 51.9 विरुद्ध 48.1 टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं. कॅमेरूननी दुसऱ्या दिवशी सकाळी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. आता बाहेर पडायचं कसं, आयर्लंडच्या सीमेचं काय, कस्टमच्या कागदांचं काय, हे प्रश्न उभे राहिले. अशा वेळी जाणता नेता काय करतो? राजीनामा देतो. फराजनी 4 जुलै 2016 रोजी तो दिला आणि आपल्याला आपलं आयुष्य परत हवंय असं सांगितलं. निस्तरायला हुजूर पक्ष होताच. राजीनाम्याला घाबरू नका, तो परत घेता येतो. 2015 मध्ये पडल्यावर दिलेला राजीनामा काही दिवसांत पक्षाने ‘नामंजूर’ केला होता.

पुढे निस्तरणारे अडखळले की ‘दगा! दगा!’ म्हणत परत या. 2019 मध्ये फराजनी जेमतेम काही आठवड्यांच्या ब्रेक्झिट पार्टीला युरोपीय निवडणुकीत 29 जागा मिळवून दिल्या आणि सत्ताधारी हुजूर पक्ष पाचव्या क्रमांकावर फेकला गेला. निकाल लागायच्या आतच पंतप्रधान थेरेसा मे यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरच्या संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्षाने आधी जिंकलेल्या 317 जागांवर उमेदवारच द्यायचे नाहीत असं फराजनी ठरवलं. बोरिस जॉन्सन बहुमताने आले, ब्रेक्झिट पार्टीचा एकही आला नाही. मला विचाराल तर यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात देखणा पराभव हाच.

पक्षाची नोंदणी करताना एक काळजी घ्या. ही ब्रेक्झिट पार्टी, म्हणजे आजची रिफॉर्म यूके, रीतसर कंपनी होती आणि तिचे निम्म्याहून जास्त शेअर खुद्द नेत्याच्या नावावर होते. (आपल्याकडे ही युक्ती कुणाला वेळेत सुचली असती तर घड्याळ आणि धनुष्यबाणासाठी निवडणूक आयोगाच्या पायऱ्या झिजल्या नसत्या.) 2025 मध्ये ही मालकी सोडून दिली गेली, पण तोवर पक्षात फूट पाडायला शिल्लक काय असणार!

आता फळ बघा. 2024 मध्ये रिफॉर्मला 41 लाख मतं, पाच जागा. आणि मजूर पक्षाचं सरकार, 411 खासदारांचं, घाबरलं ते या पाच जणांना. मे 2025 मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी भाषण केलं की आपण अनोळखी माणसांचं बेट होऊन बसण्याचा धोका आहे, आणि कायम वास्तव्याचा हक्क पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी देण्याचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबरमध्ये फराज म्हणाले, दहा कशाला, तो हक्कच रद्द करू. स्लाऊ-हॅरोमध्ये वर्षं मोजत बसलेल्या आपल्या मराठी आयटीवाल्यांनी हे खेळीमेळीने घ्यावं. ब्रेक्झिट झालं की युरोपियन कमी होतील आणि आपल्या करी हाउसना भारतीय उपखंडातले आचारी मिळतील, असा प्रचार 2016 मध्ये झाला होताच. काहींनी त्यावर भरवसा ठेवून मतही दिलं. आता पासपोर्ट मिळालेले काका पुतण्याला म्हणतात, ‘अरे, हे तुझ्यासारख्यांबद्दल नाहीये.’ पुतण्या गुपचूप व्हिसासाठी लागणाऱ्या पगाराची मर्यादा पुन्हा तपासतो.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. घोळ झाला तो मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत. रिफॉर्म जिंकली. दहा कौन्सिलं हातात आली, एकट्या केंटमध्ये 81 पैकी 57 जागा. उधळपट्टी शोधायला मोठ्या थाटात पथकं निघाली, तर काउंटीचा बहुतेक पैसा म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेत आणि निराधार मुलांच्या सांभाळात जातो असं निघालं. तो कापायचा कसा, हे बिअरच्या ग्लासावर लिहिलेलं नसतं. वॉरिकशायरला 19 वर्षांच्या मुलाला कौन्सिलचं नेतेपद मिळालं. केंटमध्ये आतल्या बैठकीतली खडाजंगी व्हिडिओसकट बाहेर आली आणि काही सदस्य निलंबित झाले.

तेव्हा जिंकण्याचा अपघात टाळता आला तर टाळाच. नाहीच टळला, तर झेंड्यापासून सुरुवात करा. कौन्सिलच्या इमारतीवर कुठला झेंडा फडकेल आणि कुठला नाही, यावर दोन-तीन महिने आरामात जातात. तेवढ्यात कुणी खड्ड्यांबद्दल विचारलंच, तर आधीच्या हुजूरवाल्यांनी तिजोरी रिकामी करून ठेवली असं ठणकावून सांगा. फक्त नावं घेऊ नका. त्यातले बरेचजण आता तुमच्याच व्यासपीठावर, पहिल्या रांगेत बसलेले आहेत.