केंटकीचे ३८ विजय आणि एक पराभव : एका आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : केंटकी विद्यापीठाच्या २०१४-१५च्या बास्केटबॉल संघाचं मी लेखात फाजील कौतुक केलं. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये (म्हणजे विद्यापीठांच्या गटात) कुणीही विजयांची रास घालेल, ते खेळाडू म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या वाटेवर वर्षभर टेकलेले पाहुणे, आणि ज्यांना शेवटी विजेतेपद मिळालं नाही त्यांचा विक्रम काय चाटायचा?

कॉन्फरन्सचं आधी उरकून टाकतो. कॅन्सस त्यांच्या कॉन्फरन्समध्ये नव्हतं. त्यांना ७२-४० असं लोळवलं. यूसीएलएही नव्हतं, तिथे मध्यंतरालाच फलक ४१-७ होता. उलट घाम फुटला तो कॉन्फरन्समध्येच. ओल मिसने जादा वेळेपर्यंत खेचलं, टेक्सस ए अँड एमने तर एकाच सामन्यात दोनदा.

पाहुण्यांबद्दल. टाउन्स, बुकर, लाइल्स पहिल्या वर्षाचे होते आणि लगेच गेले, कबूल. पण विली कॉली-स्टाइन तिसऱ्या वर्षाचा होता. हॅरिसन जुळे भाऊ आदल्या मोसमात अंतिम सामना कनेटिकटकडून ६०-५४ असा हरूनही परत आले. युलिस तर नंतर आणखी एक वर्ष थांबला. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. शिवाय शाळा संपल्यावर वर्षभर थांबल्याशिवाय ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, घ्यायचं नाही, हा नियम एनबीएचा. त्याचा राग पोरांवर कशाला?

आता खरा मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. सामना ४० मिनिटांचा, आणि त्या संघात सरासरी २६ मिनिटांच्या वर कोणीही खेळलं नाही. प्रशिक्षक कॅलिपारी सुरुवातीला पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलायचे. डिसेंबरात त्यांच्यातल्या पॉयथ्रेसचा गुडघा गेला आणि ती पद्धत विस्कटली, पण वाटून खेळणं सुटलं नाही. डेव्हिन बुकरचं पाहा. याच पोराने दोन वर्षांनी एनबीएमध्ये बोस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले. केंटकीत तो अख्ख्या मोसमात एकदाही पहिल्या पाचात नव्हता. पुढे ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला टाउन्स सामन्यामागे साधारण २१ मिनिटं खेळला. १८-१९ वर्षांची मुलं, समोर एनबीएचे निवडकर्ते बसलेले, आपापले आकडे फुगवायचा मोह केवढा! तो बाजूला ठेवून सगळे बचावाला जुंपले. वेस्ट व्हर्जिनियाला ३९ गुणांत गुंडाळलं ते याच जोरावर. मला कौतुक आहे ते याचं. ३८ हा आकडा त्यातून आला.

आणि तो पराभव. ४ एप्रिल २०१५, इंडियानापोलिस, उपांत्य सामना, समोर विस्कॉन्सिन. साडेसहा मिनिटांच्या आसपास उरली असताना केंटकी ६०-५६ पुढे. मग लागोपाठ तीन वेळा शॉट क्लॉकची (फटका मारायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळाची) तेव्हाची ३५ सेकंदं संपली आणि चेंडू गेला. थकवा नव्हता तो. बाहेर चेंडू फिरवत राहिले, आणि आता कोण घुसणार हे ठरेचना. जी वाटणी मोसमभर ताकद होती तीच तिथे नडली, असं माझं मत. विस्कॉन्सिनच्या नायजेल हेजने ६०-६० केलं तेव्हा चेंडू हातातून सुटण्याआधी शॉट क्लॉक संपलं होतं आणि पंचांच्या ते लक्षात आलं नाही, हे खरं. केंटकीचे चाहते अजून तेच उगाळतात. मी नाही उगाळणार. त्यानंतर त्यांच्याच सॅम डेकरने एक पाऊल मागे घेत तीन गुणांचा फटका मारून ६३-६० केलं, त्यात पंचांचा काय संबंध? निकाल ७१-६४. विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की त्या दिवशी २० गुण आणि ११ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) घेऊन गेला. चांगला संघ चांगल्या संघाकडून हरला.

बाद फेरीत एका रात्रीचा खेळ सगळं पुसतो, हे नवं नाही. नेवाडा-लास वेगसचा संघ १९९१ मध्ये ३४-० असताना उपांत्य सामन्यात ड्यूककडून दोन गुणांनी गेला. २०१४ मध्ये विचिटा स्टेटची ३५-० ची दौड ७८-७६ अशी कुणी तोडली? याच केंटकीने. त्यांना दुसऱ्याचं दुःख ठाऊक होतं म्हणा.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोला, की मग सर्वश्रेष्ठ मोसम म्हणायचं तरी कुणाचा. तो मी केंटकीला दिलेलाच नव्हता. लेखात 'विक्रमी' म्हटलं आहे, कारण पुरुषांच्या विद्यापीठ बास्केटबॉलच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात मोसमाची सुरुवात ३८-० अशी दुसऱ्या कुणीच केलेली नाही. सर्वश्रेष्ठ विचाराल तर १९७५-७६चं इंडियाना. ३२-०, विजेतेपदासकट, आणि तेव्हापासून पुरुषांत एकाही संघाला ते जमलेलं नाही. तिथे आपलं भांडण नाही.