‘कोकणात जगायला पैसे लागतातच कशाला?’ : एका मजकुराचा प्रतिवाद

आंब्याच्या दिवसांत आणि गणपतीच्या तोंडावर एक मजकूर कोकणी माणसांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. घर स्वतःचे, पाणी विहिरीचे, आंबा-फणस परसातला, मासे दारात. महिना पंधरा हजारांत माणूस कोकणात राजासारखा राहील. तरीही कोकणी तरुण मुंबईच्या खुराड्यात जाऊन राहतो, कारण त्याला कष्ट नकोत आणि शहराची हौस आहे. त्याच्या बागेत नेपाळी राबतात आणि वाडवडिलांच्या जमिनी तो बाहेरच्यांना विकून मोकळा होतो. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत कोकणावर मनापासून माया असणारेच बहुसंख्य असतात, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. जो नाइलाजाने घर सोडून गेला, त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का त्याच्याच माणसांकडून मारला जात आहे.

पहिला दावा पंधरा हजारांचा. हा हिशेब कोणत्या घराचा आहे, ते आधी पाहिले पाहिजे. ज्यांची उदाहरणे दिली जातात ते बहुतेक वेळा निवृत्त होऊन गावी आलेले असतात. मुलांची शिक्षणे झालेली, घर आधीच बांधलेले आणि दरमहा निवृत्तिवेतन किंवा ठेवींवरचे व्याज येणारे. म्हणजे गावातला त्यांचा खर्च मुंबईत केलेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतून भागत असतो. त्यांच्या जागी पंचविशी-तिशीतले जोडपे आणि दोन मुले ठेवून पाहू. तालुक्याच्या गावी दुकानात, पतसंस्थेत किंवा कंत्राटावर काम करणाऱ्याला पंधरा हजार मिळतात असे धरू, जरी तेवढे प्रत्येकाला मिळतातच असे नाही. वाडी तालुक्यापासून वीस किलोमीटरवर असेल आणि एसटीच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळत नसतील, तर दुचाकीवाचून इलाज नाही. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देत असली आणि पेट्रोल शंभराच्या वर असले, तर दिवसाला ऐंशी रुपये, महिन्याचे दोन हजार. गाडीचा हप्ता आणि घाटवळणांच्या रस्त्यावर होणारी दुरुस्ती वेगळीच. त्यानंतर मुलांच्या शाळेची गाडी, सिलिंडर, विजेचे बिल आणि किराणा. भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणावर घाटावरून, कोल्हापूरकडून येते, त्यामुळे वाहतुकीचे भाडे ग्राहकाच्याच खिशातून जाते. विहिरीचे पाणी म्हणावे, तर जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो त्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो, कारण जांभ्याचा सच्छिद्र कातळ पाणी धरून ठेवत नाही. छायाचित्रात सुंदर दिसणाऱ्या कौलारू घराचे वासे वाळवी खाते आणि दरवर्षी मिरगाच्या आधी कौले परतून घ्यावी लागतात, त्याला सुतार आणि गडी लागतात. ज्यांना तो खर्च झेपत नाही, ते छपरावर पत्रे घालतात.

मासे दारात आणि फुकट, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव एकदा नीट पाहावा. होड्यांतून माल किनाऱ्यावर उतरतो, वाळूत ढीग लागतात, बोली सुरू होते, आणि सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी हॉटेलवाल्यांच्या आणि बाहेर माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बर्फाच्या पेट्यांत जाते. किनाऱ्यावरच राहणारी बाई बहुधा कडेला उभी राहून दर खाली यायची वाट पाहते आणि बांगडा किंवा तारली घेऊन घरी जाते. चांगल्या मासळीचा दर मुंबई, गोवा आणि निर्यातीच्या मागणीवर ठरतो. बंदर जवळ असल्याची सवलत तिला कोणी देत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीत किंवा वहाळात मिळेल ते, नाहीतर सुकी मासळी. मासेमारी हाच ज्यांचा धंदा, त्यांची अवस्था याहून कठीण आहे. पर्ससीन जाळ्यांनी, म्हणजे माशांचा थवाच वेढून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी, किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडली जाते ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार इतकी जुनी आणि गंभीर होती, की 2016 मध्ये राज्य शासनाला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. तो संघर्ष आजही शमलेला नाही.

‘घर स्वतःचे’ या शब्दांत तर अर्ध्या कोकणाचा विसर पडला आहे. चार भावांच्या जुन्या घरात एका भावाच्या वाट्याला एक खोली आणि पडवीचा तुकडा येतो. त्याला वेगळे घर बांधायचे असेल तर जागा विकत घ्यावी लागते, आणि किनारपट्टीवरच्या जागेचा भाव गावातल्या पगाराशी नाते सोडून बसला आहे. अलिबाग तालुक्यात हे आधी घडले. 2020 मध्ये मुंबईहून मांडव्याला गाड्यांसकट माणसे नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली, 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईतल्या श्रीमंतांना शनिवार-रविवारचे घर आणखी जवळ आले. तीच लाट दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याकडे सरकली आहे. गुंठ्याचा दर लाखांत बोलला जातो, तो देणारा बाहेरून कमावून आणतो. इथे महिना बारा-पंधरा हजार मिळवणाऱ्याने तो कोठून द्यावा? भाड्याच्या खोलीचीही तीच गत आहे. पर्यटनाच्या गावांत जी खोली पूर्वी शिक्षकाला किंवा परिचारिकेला वर्षभर मिळत असे, ती आता पाहुण्यांसाठी राखली जाते, कारण मे महिन्यातल्या आणि डिसेंबरच्या काही आठवड्यांतली कमाई वर्षभराच्या भाड्याला भारी पडते. घरमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यालाही त्याच तुटपुंज्या हंगामावर वर्ष काढायचे असते.

पर्यटनामुळे आता रोजगार गावातच आला, असेही त्या मजकुरात कधीकधी जोडलेले असते. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि काही कुटुंबांना त्याने खरोखर हात दिला, हे मान्य केले पाहिजे. पण होम-स्टे काढायला रस्त्यालगतची किंवा किनाऱ्याजवळची जागा आणि हाताशी भांडवल लागते. ज्याच्याकडे ती दोन्ही नाहीत, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या खोल्या झाडण्याचे हंगामी काम येते, आणि तेही पावसाळ्यात थांबते.

आता हौसेविषयी. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, तेव्हा राज्याची सरासरी 929 होती. हे आकडे नीट वाचले तर हौसेचा आरोप तिथेच कोसळतो. हौसेने जाणारा माणूस बायको-मुलांना घेऊन जातो. इथे पुरुष गेला आणि बायको, आई, शेती व गुरे मागे राहिली, कारण मुंबईत कुटुंब ठेवण्याइतके भाडे त्याला परवडत नव्हते. गिरणगावातल्या गाळ्यांत एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आणि खानावळीत जेवणारे पुरुष कोणत्या शहराची मजा लुटत होते? पुढे गिरण्या गेल्या आणि गिरगाव-लालबागही महागले, तेव्हा त्यांची मुले विरार, दिवा, बदलापूर, पनवेलकडे ढकलली गेली. गावाने एकदा आणि शहराने दुसऱ्यांदा, असे दोनदा उठवले गेलेले हे लोक आहेत.

‘परत या’ या हाकेची परीक्षाही इतिहासात होऊन गेली आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांतली चूल अडचणीत आली, तेव्हा त्यांतले पुष्कळ कोकणी कामगार गावी आले. गावाने त्यांना भाकरी दिली, पण गिरणीच्या पगाराची जागा घेईल असे काम दिले नाही. 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झाले. चाकरमानी आले, अनेकांनी पडीक मळे साफ करून भात लावले, काहींनी कोंबड्या पाळल्या. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, आणि पोफळ पुन्हा लावून उत्पन्न सुरू व्हायला कित्येक वर्षे जातात. मुंबई उघडताच बहुतेक जण परत गेले. इतके कष्ट उपसून पाहिलेल्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

आणि शेती पडीक का राहते? सातबारा काढून पाहा. एका तुकड्यावर वीस-तीस नावे, त्यांतली काही मुंबईत, काही मयत, वारसनोंद अपुरी. हिश्श्याची फोड झालेली नसते म्हणून कर्ज अडते, आणि कुंपण घालायचे म्हटले तरी चार हिस्सेदारांची संमती लागते. मुळात सुपीक सपाट जमीन थोडी. पिढ्यान्‌पिढ्या तीही खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, हाती होती. खोती निर्मूलनाचा कायदा 1949 चा. कुळांच्या नावावर जमीन आली तेव्हा ती तुकड्यातुकड्यांनीच आली. आता ज्याने हिंमत करून नाचणी किंवा भुईमूग लावला, त्याचे पीक रानडुकरे आणि वानर एका रात्रीत, एका दुपारी संपवतात. शेजारचे मळे ओस असले की एकट्याच्या मळ्याची राखण आणखी अशक्य होते.

आंब्याचे उत्पन्न मोठे दिसते, परंतु ते वर्षातून एकदाच येते. पालवी, मोहोर, फवारण्या, फुलकिडे, मार्चमधला उष्मा आणि अवेळी पाऊस यांतून जे फळ उरेल त्यावर दलालाची उचल फेडायची असते. सुरुवातीच्या पेटीचा दर बातमीत येतो. मे महिन्यात दर उतरल्यावर कॅनिंगला, म्हणजे रस काढणाऱ्या कारखान्याला, किलोवर गेलेल्या आंब्याची बातमी कोणी देत नाही. नेपाळी राखणदार आणि खलाशी येतात, कारण हे काम काही महिन्यांचे असते, बागेतल्या खोपीत किंवा बोटीवर राहून करायचे असते आणि हंगाम संपला की थांबते. संसार असलेल्या स्थानिकाला उरलेल्या महिन्यांचे काय, हा प्रश्न पडतो. तो नेपाळी माणूसही आपल्या गावात भागत नाही म्हणूनच इतक्या दूर आला आहे. त्याच्या कष्टांचा वापर दुसऱ्या स्थलांतरिताला हिणवण्यासाठी करू नये.

शिकायचे नाही म्हणून मुले मागे पडतात, असेही म्हणायला जागा नाही. दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग स्थापनेपासून राज्यात पुढे राहिला आहे. शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला त्या शिक्षणाजोगी नोकरी जिल्ह्यात क्वचितच मिळते, म्हणून ती मुले पुणे-मुंबई गाठतात.

जमिनी विकल्या जातात, हे मात्र खरे आहे, आणि त्याचे दुःख मलाही आहे. काहींनी दलालांच्या नादी लागून मातीमोल दराने विकल्या, हेही नाकारता येत नाही. तरी विक्रीच्या बहुसंख्य व्यवहारांमागे एखादे आजारपण, मुलाचे शिक्षण किंवा लग्नाचे कर्ज असते. देवगड-वैभववाडीकडच्या माणसाला मेंदूतला रक्तस्राव झाला, तर नातेवाईक आजही घाट चढून कोल्हापूर गाठतात; सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धावतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली असली, तरी गंभीर रुग्णाला घेऊन जिल्ह्याबाहेर जाण्याची पाळी अनेकांवर अजून येते. गाडीचे भाडे, खासगी रुग्णालयाची अनामत, सोबतच्यांचा मुक्काम हे सारे त्याच पंधरा हजारांतून भागवायचे असते, आणि घरात विकण्याजोगी वस्तू म्हणून कातळावरचे काही गुंठे एवढेच असते. गुंठे गेल्यावर त्या घरातल्या मुलाला पुन्हा तेवढीच जमीन गावातल्या पगारातून कधीच घेता येत नाही, आणि मुंबईला जाण्याची पाळी त्याच्यावर येते.