पस सेल्स वाढल्या म्हणजे इन्फेक्शनच?

‘लघवीत पस सेल्स पाचच्या वर म्हणजे इन्फेक्शन, लगेच अँटिबायोटिक घ्या. पाचच्या आत म्हणजे मूत्राशय ठणठणीत, बाकी सगळे मनाचे खेळ. जुन्या दुखण्याचा छडा लावायचा तर एनजीएफ ही लघवीची नवी तपासणी करा.’ या अर्थाचा मेसेज व्हॉट्सअॅपवर हातोहात पुढे जातोय. तीन वाक्यं, आणि तिन्ही गोत्यात आणणारी.

पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. लॅबमध्ये लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डमध्ये किती पेशी दिसतात ते मोजतात. रिपोर्टवरचं ‘८-१०’ येतं ते इथून. पेशी आल्या एवढं काच सांगते, का आल्या ते नाही. जंतुसंसर्गात येतात तशा त्या मुतखड्यात येतात, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असला की येतात, मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही दिसू शकतात. अंगावरून पांढरं जात असेल आणि मधल्या धारेचा नमुना घेतला नसेल, तर त्या योनिमार्गातूनही मिसळतात.

आपल्या देशात तर मूत्रमार्गाचा क्षय विसरून चालणारच नाही. पस सेल्स भरपूर आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, कोरं, असं त्यात होतं, कारण क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरवर वाढतच नाहीत. मग अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात आणि तिकडे मूत्राशय आकसत जातं. त्यात गोळी क्विनोलोन गटातली असली, तर क्षयाचे जंतू थोडे दबतात आणि निदान आणखी लांबतं.

बरं, कल्चरमध्ये जंतू सापडले तरी? त्रास काहीच नसेल, तर बहुतेकांना औषध लागत नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात, सोबत पस सेल्स असल्या तरीही. मुख्य अपवाद दोन: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला इजा होईल अशी शस्त्रक्रिया. कायमचा कॅथेटर असलेल्या आजोबांच्या लघवीत जंतू आणि पस सेल्स सापडायच्याच. नुसता रिपोर्ट बघून त्यांना गोळ्या देत राहिलं, तर औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे पोसले जातात.

मेसेजमधलं दुसरं वाक्य, ‘पाचच्या आत म्हणजे ठणठणीत’, मला सगळ्यात जास्त खटकतं. इंटरस्टिशियल सिस्टायटिस या मूत्राशयाच्या चिवट दुखण्यात लघवी बहुधा स्वच्छच असते. मूत्राशय भरू लागलं की ओटीपोटात दुखतं, रिकामं झालं की जरा बरं वाटतं, रात्री पुनःपुन्हा उठावं लागतं. सहा आठवड्यांहून जास्त असा त्रास, आणि संसर्ग वा दुसरं कारण सापडत नाही, यावरून निदान होतं. काहींच्या मूत्राशयात हनर लीजन नावाचे लालसर चट्टे असतात. बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी १९१५ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. ते दिसतात मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीतून, लघवीच्या रिपोर्टमध्ये नाही. तरीही बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवायला आपण मोकळे.

शिवाय सकाळी सातला भरलेली बाटली लॅबमध्ये अकराला पोचली, तर तोवर पांढऱ्या पेशी फुटायला लागतात. म्हणजे ‘नॉर्मल’लाही भरवसा नाही.

राहिलं एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. यात तथ्य आहे, पण अर्धं. इंटरस्टिशियल सिस्टायटिसच्या पेशंटांच्या लघवीत हे प्रथिन सरासरीने जास्त सापडलंय खरं, पण ते अतिक्रियाशील मूत्राशयात वाढतं, संसर्गात वाढतं, खड्यातही वाढतं. मग समोरच्या एका पेशंटबद्दल त्यातून काय ठरवणार? मेरीलँड विद्यापीठात सापडलेल्या एपीएफ (अँटिप्रोलिफरेटिव्ह फॅक्टर) या लघवीतल्या दुसऱ्या मार्करवरही, म्हणजे आजाराच्या खुणेवरही, मोठी आशा होती. २००४मध्ये त्याची रचनाही उलगडली, पण रोजच्या निदानात तो आलेला नाही. त्यामुळे कुणी एनजीएफचं पॅकेज विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

त्यापेक्षा तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, किती मिली झाली, दुखलं का. वारंवार पस सेल्स आणि कोरं कल्चर असेल, तर क्षयाची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यासाठी पहाटेची लघवी लागोपाठ किमान तीन दिवस द्यावी लागते. लघवीत रक्त दिसलं, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. आणि कल्चरची बाटली अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी भरा, नंतर नाही.